जोडा हातात ठेवा
(सेलू, जि. वर्धा येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



वेचणीचे दिवस आहेत. वावरात बोंडे फुटली आहेत, वेचायला मजूर मिळत नाही, आणि मिळाला तर किलोमागची मजुरी आणि बाजारातला भाव यांचा मेळ बसत नाही. तरीही तुम्ही एक दिवस मोडून सेलूला आलात. तेव्हा हारतुरे नेहमीप्रमाणे बाजूला ठेवू आणि कामाचे बोलू.

गेले काही दिवस आम्ही या तालुक्यातल्या गावांत फिरत होतो. एका गावी रात्रीच्या बैठकीत आमच्यातल्या एकाने पुढाऱ्यांवर चांगले तोंडसुख घेतले. कोण कोणाला सोडून कोणाच्या मांडीवर बसला, कोणी कोणत्या झेंड्याची शपथ मोडली, सगळा पाढा वाचला. टाळ्याही पडल्या. मग मागे भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा कास्तकार उठला आणि म्हणाला, "भाऊ, पुढाऱ्यायनं तत्त्व सोडलं हे तं आमाले दिसतेच. पन तुमच्यावाल्यायनं कोन्तं धरून ठेवलं, थे सांगा ना जी."

बैठक हसली, आम्हीही हसलो. पण परत येताना कोणी कोणाशी बोलले नाही. प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर आम्ही कधी सरळ दिलेले नाही. आज ते द्यायचे म्हणून हा विषय घेतला आहे.

धुऱ्यावर वळणे आणि तास सोडणे

आधी तत्त्व सोडणे म्हणजे काय ते ठरवू. पुढाऱ्यांच्या तोंडी हा शब्द इतका घोळला आहे की त्याचा पार चोथा झाला आहे.

आपण पेरणीकडे पाहू. तिफण चालते तेव्हा बैल धुऱ्यापर्यंत जातो आणि वळतो. वळला म्हणून कोणी त्याला शिव्या देत नाही. वळलाच नाही तर पुढचे तास लागणार कसे? पण निम्म्या तासात शेजारच्या वावरातला हिरवा चारा पाहून बैल आडवा घुसला, तर तास मोडले, बियाणे सांडले. दिशा दोन्ही वेळा बदलली. फरक एवढाच की धुऱ्यावर तो पेरणीसाठी वळतो आणि आडवा घुसतो तो तोंडासाठी.

म्हणून एखाद्याने पक्ष बदलला, युती बदलली, मागणीचे शब्द बदलले, एवढ्यावरून आम्ही त्याला लबाड ठरवणार नाही. वळल्यावर पेरणी चालू राहिली का, की फक्त तोंड भरले, हे पाहू. हे माप दुसऱ्यांना लावू आणि मग स्वतःला लावू.

सेवाग्रामहून नागपूरला

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. इथून सेवाग्राम काही लांब नाही. १४ जुलै १९४२ रोजी इंग्रजांनी देश सोडावा हा ठराव काँग्रेसच्या कार्यकारिणीने वर्ध्यात केला. वर्ध्याच्याच मगनवाडीत बसून कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र मांडले. खेडे जगले तर देश जगेल, ही त्या काळातल्या काँग्रेसची भाषा होती. गांधीजींनी तर २९ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवशी, काँग्रेस मोडून तिचा लोकसेवक संघ करावा असा मसुदा लिहून ठेवला. तो मसुदा कागदावरच राहिला.

पुढे काय झाले? १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. १९५६ पासून दुसरी पंचवार्षिक योजना आली आणि देशाचा पैसा मोठ्या कारखानदारीकडे वळला. कारखान्याला कच्चा माल स्वस्त हवा, कामगाराला भाकरी स्वस्त हवी. तो स्वस्तपणा कोणाच्या अंगावर टाकला हे तुम्हाला सांगायला नको. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि जमिनी एकत्र करून सहकारी संयुक्त शेती करण्याचा ठराव झाला. चरणसिंगांनी त्याच अधिवेशनात उभे राहून विरोध केला. गांधीजींचे व्याही असलेल्या राजाजींनी मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांना बरोबर घेऊन त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. काँग्रेसवाले म्हणाले, राजाजींनी वाट सोडली. राजाजी म्हणाले, वाट काँग्रेसने सोडली. माणसाने पक्ष सोडला की पक्षाने माणूस सोडला, हे झेंड्यावरून कळत नाही. ज्याच्या नावाने पक्ष निघाला त्याच्या घरात डोकवावे लागते.

आता स्वतंत्र पक्षाचे काय झाले तेही ऐका. मालमत्तेचा हक्क हा त्या पक्षाचा प्राण होता. १९७४ मध्ये तो पक्ष भारतीय लोकदलात विरला आणि १९७७ मध्ये लोकदल जनता पक्षात गेला. आणि १९७८ मध्ये त्याच जनता पक्षाच्या सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती करून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला आहे. मालमत्तेचा हक्क मूलभूत असणे आणि नसणे यात काय फरक पडतो, ते ज्यांची जमीन त्यात गेली त्यांना विचारा.

खोट्या शपथेचा कायदा

पुढाऱ्याने शपथ मोडली की आपण चिडतो. पण या देशात पक्ष काढतानाच खोटी शपथ घ्यावी लागते, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक कलम आले, २९-क. पक्षाची नोंदणी हवी असेल तर समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर आमची निष्ठा आहे असे पक्षाच्या घटनेत लिहून द्यावे लागते. १९९१ मध्ये परमिट राज मोडायला निघालेल्या काँग्रेसच्या कागदावर समाजवाद आहे. सरकारी कंपन्या विकायला काढणाऱ्या भाजपच्या कागदावर समाजवाद आहे. उद्या तुम्ही चार जणांनी खुल्या बाजारासाठी पक्ष काढला तर तुम्हालाही समाजवादाची शपथ घ्यावी लागेल. राज्यसभेत असताना शरद जोशींनी या कलमातला तो शब्द काढावा म्हणून खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. होणार कसे? ज्या शपथेचा कोणालाच त्रास होत नाही ती बदलायची कोणाला गरज?

उलट पक्षांतरबंदीचा कायदा पाहा. तो १९८५ मध्ये आला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. आमदाराने पक्षादेश मोडला तर त्याची आमदारकी जाते. पण अख्ख्या पक्षाने जाहीरनामा मोडला तर कोणाचे काहीच जात नाही. कायदा डोकी मोजतो, वचने मोजत नाही.

पाच वर्षांचा तमाशा

महाराष्ट्रात हे नवे नाही. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला शेतकरी कामगार पक्षाने मोठा जाडजूड प्रबंध मंजूर केला, क्रांतीची भाषा केली. काही वर्षांतच त्या पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे काँग्रेसमध्ये परतले. पुढे यशवंतरावांच्या राज्यात या येण्याला बेरजेचे राजकारण असे छान नाव मिळाले. बेरीज पक्षाची झाली. शेतकऱ्याच्या खात्यात काय जमा झाले, ते विचारायचे राहून गेले.

अलीकडचे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिले. २०१९ मध्ये शिवसेना आयुष्यभर ज्यांच्याशी भांडली त्या काँग्रेसबरोबर सरकारात बसली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे चाळीसच्या आसपास आमदार घेऊन बाहेर पडले. कारण काय सांगितले? उद्धवरावांनी बाळासाहेबांचे हिंदुत्व सोडले. वर्षभराने, जुलै २०२३ मध्ये, अजित पवार त्याच सरकारात येऊन बसले. विरोधात असताना सिंचन घोटाळ्याच्या नावाने भाजपने ज्यांच्यावर आरोपांची झोड उठवली होती, तेच हे अजित पवार. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंद्यांना दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजितदादांना दिले. दोन्ही वेळा आमदार-खासदार कोणाकडे जास्त, हे मोजून.

या सगळ्यांनी एकमेकांवर तत्त्व सोडल्याचा आरोप केला. आम्ही त्यात कोणाची बाजू घेणार नाही. एवढेच विचारू: या पाच वर्षांत मुंबईत इतक्या वेळा मांड्या बदलल्या, त्यात सेलूच्या उपबाजारात येणाऱ्या कापसाच्या गाडीसाठी कोणी मांडी बदलली का? कापूस, ज्वारी, तूर यांच्या धोरणावर एक तरी आमदार फुटला का? ज्या भांडणात आपल्या मालाचे नावच नाही, ते भांडण तत्त्वाचे असले तरी आपल्या तत्त्वाचे नाही.

विरोधात एक, सत्तेत एक

आता आपल्या मालाचे जिथे नाव येते तिथे पाहू. इथे सगळ्या पक्षांची जात एक होते.

५ मार्च २०१२ रोजी केंद्रातल्या काँग्रेस सरकारने कापसाची निर्यात एका रात्रीत बंद केली. कृषिमंत्री शरद पवारांनीच मला विचारले नाही म्हणून तक्रार केली. गुजरातचे मुख्यमंत्री असलेल्या नरेंद्र मोदींनी पंतप्रधानांना पत्र लिहून या बंदीचा निषेध केला. ते बरोबरच होते. २० मार्च २०१४ रोजी मोदी यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडीला आले. मघाची दाभाडी नाशिकची, ही दाभडी आपल्या शेजारची. कापूस पिकवणाऱ्याच्या शेतापासून परदेशाच्या बाजारापर्यंत कसा जाईल ते त्यांनी रंगवून सांगितले. त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात उत्पादन खर्चावर ५० टक्के नफा देण्याचे वचन होते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की खर्चावर ५० टक्के वाढवून हमीभाव देणे जमणार नाही, त्याने बाजार बिघडेल. मग २०१८ च्या अर्थसंकल्पात सांगितले की आम्ही दीडपट दिला. कसा दिला? खर्चाची व्याख्या लहान करून. खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी एवढाच खर्च धरला. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज सोडून दिले. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५१४० रुपये धरला आणि हमीभाव ७७१० जाहीर केला. संकरित ज्वारीचा खर्च २४६६ धरला आणि भाव ३६९९. गुणाकार चोख आहे. मूळ आकडाच खोटा असेल तर गुणाकार चोख असून काय उपयोग?

आणि हा भाव जाहीर करून तीन महिने झाले नाहीत तोच, १९ ऑगस्ट २०२५ रोजी, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे आपली वेचणी सुरू होते तेव्हापासून आपला बहुतेक कापूस घराबाहेर पडेपर्यंत. एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते. जिनिंगवाला आपल्याला भाव देतो तो त्या रुईच्या भावावरून. गिरणीला बाहेरची रुई बिनशुल्क मिळाली की इथली खंडी उतरते, आणि खंडी उतरली की अडत्याच्या ओट्यावर आपला कापूस उतरतो. मग हमीभावासाठी सीसीआयच्या दारात जा, मोबाइलवर नोंदणी करा, ओलावा मोजून घ्या. हे कोणी केले? स्वदेशीचा मंत्र लहानपणापासून जपणाऱ्या पक्षाने. २०१२ मध्ये बंदीविरुद्ध पत्र लिहिणाऱ्या नेत्याच्या सरकारने.

काँग्रेसने हसू नये. २०१९ च्या त्यांच्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करू, शेतीमालाचा व्यापार निर्यातीसकट सगळ्या बंधनांतून मोकळा करू असे छापले होते. जून २०२० मध्ये मोदी सरकारने त्याच दिशेचे अध्यादेश काढले तेव्हा काँग्रेस रस्त्यावर उतरली. आणि मोकळ्या बाजाराचे कायदे आणणाऱ्या मोदी सरकारने काय केले? ती विधेयके लोकसभेत येत होती त्याच आठवड्यात, १४ सप्टेंबर २०२० रोजी, कांद्याची निर्यात बंद केली. एका हाताने दावे सोडले, दुसऱ्या हाताने कासरा आवळला. पुढे १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी तिन्ही कायदे मागे घेत असल्याचे सांगितले. एकाने जाहीरनाम्यात छापून विरोध केला, दुसऱ्याने कायदा करून माघार घेतली. आणि राज्यातले? २०२४ च्या निवडणुकीत कर्जमाफीचे वचन दिले, आणि वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस, त्या वचनाची आठवण करून द्यायला शेतकऱ्यांना नागपूरच्या वेशीवर महामार्ग अडवून बसावे लागले.

म्हणून आम्ही म्हणतो, पुढाऱ्याचे तत्त्व विरोधात असताना तपासू नका. विरोधात असताना प्रत्येक जण शेतकऱ्याचा पोर असतो. खुर्चीवर बसल्यावर पहिला निर्यातबंदीचा किंवा आयातीचा कागद समोर येतो, तेव्हा तो सही कोणासाठी करतो ते पाहा.

आता आमच्या घरात

मायबहिणींनो, दुसऱ्याच्या घरातली जळमटे काढून झाली. आता म्हाताऱ्या कास्तकाराच्या प्रश्नाकडे येऊ.

संघटनेच्या सुरुवातीच्या काळात शरद जोशी जाहीर सभांतून सांगत, उद्या मी तुमच्याकडे मते मागायला आलो तर मला जोड्याने मारा. लोकांना ते फार आवडले. चाकणचा कांदा, नाशिकचा ऊस, निपाणीची तंबाखू, आपला कापूस, त्या शब्दावर माणसे तुरुंगात गेली. १० डिसेंबर १९८६ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सुरेगावला कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्यांवर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. त्या तिघांनी कोणत्या पक्षासाठी प्राण दिला नव्हता.

आणि मग १९९० मध्ये संघटनेचे लोक जनता दलाच्या तिकिटावर विधानसभेत गेले. वामनराव चटप, मोरेश्वर टेमुर्डे, आपल्या जिल्ह्यातल्या सरोजताई काशीकर. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. १९९५ मध्ये शरद जोशी स्वतः आपल्या हिंगणघाटातून उभे राहिले आणि पडले. ज्या माणसाने जोड्याने मारा म्हटले होते तो हात जोडून दारात आला, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

हे धुऱ्यावरचे वळण होते की तास सोडणे? आमचे उत्तर असे आहे. रस्त्यावर बसून भाव मिळतो, पण पुढच्या हंगामात एका अधिसूचनेने तो काढून घेता येतो, हे दहा वर्षांच्या आंदोलनाने शिकवले. म्हणून कायदा होतो त्या जागी जायचे ठरले. ते चोरून ठरले नाही, हजारो लोकांसमोर वाद घालून ठरले. आम्ही त्याला वळण म्हणतो. पण एक चूक झाली. व्यासपीठावर जे पटले ते गावोगाव बसून समजावले नाही. तुम्ही आम्हाला जोड्याने मारले नाही, मतपेटीने मारले, आणि तो मार आमच्या वाट्याचा होता.

दुसरा आरोप. १९८० च्या दशकात आम्ही सरकारकडे भाव मागत होतो आणि १९९१ नंतर सरकारने बाजारातून निघून जावे म्हणू लागलो. डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला. आमच्यातलेच काही म्हणाले, हे उलटे झाले. नाही झाले. पहिल्या दिवसापासून म्हणणे एकच होते की सरकार भाव पाडते. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ मध्ये आली तेव्हा शेतकऱ्याला आधार देण्याच्या नावाने आली. पण राज्याबाहेर जास्त भाव असताना तिथे कापूस नेणे गुन्हा ठरला, आणि चुकाऱ्यासाठी महिनेन्‌महिने थांबावे लागले. २००२ मध्ये ती मक्तेदारी उठली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के होता. उणे सबसिडी आम्ही सांगत होतो तेव्हा लोक हसत होते.

तिसरा आरोप जड आहे. ज्या पक्षांना आम्ही जातीयवादी म्हणत होतो, ज्यांच्यापासून सावध राहा म्हणून गावोगाव सांगत होतो, त्याच भाजप-शिवसेना युतीच्या पाठिंब्याने शरद जोशी २००४ मध्ये राज्यसभेत गेले. आमच्यातले कितीतरी जण त्या वेळी दुखावले गेले, काहींनी बिल्ला काढून ठेवला. त्यांना आम्ही चूक म्हणणार नाही. तुम्हाला एक सांगून आम्ही दुसरे केले आणि आधी विचारले नाही, हे खरे आहे. पण तिथे बसून ते कोणासाठी बोलले तेही पाहा. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. तो एक म्हणजे शरद जोशी. १९८६ मध्ये चांदवडला बायांचे अधिवेशन भरवणारा आणि लक्ष्मीमुक्तीतून पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करायला लावणारा माणूस एकटा विरोधात उभा राहिला. दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ फिरत राहणार, मग मतदारसंघाची मशागत कोण करणार, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप पटो न पटो. ज्यांच्या मतांवर निवडून गेले त्यांच्याही विरुद्ध त्यांनी हात वर केला. विकला गेलेला माणूस असे करत नाही. दार चुकीचे असेल, पण आत जाऊन जीभ गहाण टाकली नाही.

चौथा आरोप आजचा आहे आणि त्याला आमच्याकडे उत्तर नाही. एकाच बिल्ल्याखाली वाढलेली माणसे दहा दिशांना गेली. राजू शेट्टींनी २००४ मध्ये वेगळी संघटना काढली, २०१४ मध्ये ते भाजपबरोबर गेले, २०१७ मध्ये बाहेर पडले आणि २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर उभे राहिले. त्यांचे सोबती सदाभाऊ खोत मंत्रिपदावर राहिले. पाशा पटेल भाजपत गेले, शंकरअण्णा धोंडगे राष्ट्रवादीत गेले. प्रत्येकाकडे कारण आहे आणि एकेकाचे ऐकले तर पटतेही. पण एक गोष्ट आम्ही स्वतःसकट सगळ्यांबद्दल सांगतो. ज्याची ज्या पक्षाशी सोयरीक झाली, त्या पक्षाच्या राज्यात त्याची जीभ जड झाली. निर्यातबंदी एकाच्या राज्यात आली तर रास्ता रोको आणि दुसऱ्याच्या राज्यात आली तर निवेदन. कांदा तोच, कापूस तोच, मरणारा शेतकरी तोच. आजोबा, तुम्ही विचारले कोन्तं धरून ठेवलं. हे सोडले. इथे आमचे तास मोडले.

वही आणि जोडा

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आपल्या जिल्ह्यात वायफडला आले होते. सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. पंतप्रधान आले, नंतर दुसऱ्या पक्षाचे पंतप्रधान आले, आत्महत्या थांबल्या नाहीत. कर्ज पॅकेजने फिटत नाही, मालाच्या दामाने फिटते. म्हणून या प्रश्नाकडे करमणूक म्हणून पाहू नका. पुढारी तत्त्व सोडतो तेव्हा त्याची खुर्ची हलते. आपले घर बसते.

तेव्हा गावोगाव एक वही घाला. शाळेची शंभर पानी वही पुरे. पक्ष कोणताही असो, तुमच्या आमदाराचे, खासदाराचे एक पान करा. आमच्या जिल्हा कार्यकर्त्यांचेही एक पान करा. प्रत्येक पानावर तीन गोष्टी लिहा. विरोधात असताना काय बोलला आणि सत्तेत बसल्यावर त्याच मालाबद्दल काय केले. वळण्याआधी तुम्हाला विचारले की वळून झाल्यावर कळवले. आणि वळल्यामुळे पदरात पडले ते कोणाच्या, त्याच्या की तुमच्या. ऐकीव लिहू नका. तारीख, कागद, भाव लिहा. मते मागायला कोणी आला की ओसरीवर बसवा, चहा द्या आणि वही उघडा. आधी त्याला त्याचे पान वाचून दाखवा आणि मग बोलायला सांगा.

आणि आमच्याबाबत एक जास्तीचे. पुढची निर्यातबंदी, पुढची आयातमाफी कोणाच्याही राज्यात येऊ दे, आठ दिवसांच्या आत आम्ही सेलूच्या चौकात दिसलो नाही, तर समजा आमचा बैल कोणाच्या तरी हिरव्यात घुसला आहे.

शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ रोजी गेले. त्यांनी आपल्याला भाव काढायला शिकवले, खर्च मांडायला शिकवले. पण आमच्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांनी पहिल्याच सभांत दिली होती. पुढाऱ्याला मारायचा जोडा पुढाऱ्यानेच शेतकऱ्याच्या हातात दिला, असे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. आपण तो पायात घालून विसरून गेलो. तो उगारायची वेळ येऊ नये, आपली रीत मारामारीची नाही. पण पुढारी दिसला की दाराबाहेर काढून ठेवू नका. हातात ठेवा. समोर आम्ही असलो तरी.

भीक नको, हवे घामाचे दाम.